दाजींचा क्रॉसबो आणि आमचा मोडायला आलेला स्क्वॉड

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. या विभागात सगळे धागे क्रिकेटचे, त्यात मधेच हा माझा. विषय बीजीएमआय या मोबाइलवरच्या गेमचा असला तरी भांडण घरातलं आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आमचा चौघांचा स्क्वॉड. मी परभणीत, खता-बियाण्याच्या दुकानात बसतो. अण्णा म्हणजे चुलतभाऊ, जालन्याला रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. धाकटा पिंट्या संभाजीनगरला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो (घरी तरी असंच माहीत आहे). आणि चौथे दाजी, आमच्या ताईचे मिस्टर, अंबाजोगाईकडं एका खेड्यात शिक्षक. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तोवर आम्ही तिघंच असायचो, चौथा कुणीतरी अनोळखी. जुलै २०२१ मध्ये तिचाच भारतातला अवतार, बीजीएमआय, आली आणि दाजी म्हणाले, "आम्हालाबी घ्या की तुमच्यात." जावयाला नाही कोण म्हणणार? मधे जुलै २०२२ ला गेम पुन्हा स्टोअरवरून गायब झाली, पुढच्या मे महिन्यात परत आली. एवढं होऊन स्क्वॉड टिकला. आता मोडायला आलाय तो एका क्रॉसबोपायी.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: शंभर माणसं विमानातून उडी मारतात, चौघाचौघांच्या टोळ्या असतात. उतरलं की घरोघर हिंडून हत्यारं, गोळ्या, औषधं गोळा करायची. नकाशावरचं वर्तुळ लहान लहान होत जातं, बाहेर राहिला तो संपला. शेवटी उरेल ती टोळी जिंकली. हत्यारं पुष्कळ आहेत, पण दहातले आठ जण एम४१६ ही रायफल (बोलताना एम फोर) शोधत फिरतात. झटका कमी, हव्या त्या दुर्बिणी बसतात, लांब मॅगझिन लावलं की चाळीस गोळ्या. दुकानात सगळे शेतकरी एकाच कंपनीचं बियाणं मागतात ना, तसं.

आमचे दाजी उतरले की आधी क्रॉसबो हुडकतात. धनुष्यबाणच तो. एक बाण सुटला की दुसरा चढवायला तीनेक सेकंद. लांबवर मारायचा तर बाण खाली पडतो, तो अंदाज घेऊन वर धरावा लागतो. समोरचा धावत असला तर देवाचं नाव घ्यायचं.

आता अडचण बघा. पिंट्या चुकला की अण्णा त्याला ज्या भाषेत बोलतो ती इथं लिहिली तर संपादक धागा उडवतील. पण दाजींना काय बोलणार? "दाजी, जरा मागं सरता का, नॉक व्हाल (म्हणजे आडवे पडाल)." "दाजी, तुमच्या पायाशी एम फोर पडलीय, तेवढी घेता का." त्यावर दाजी अगदी शांतपणे, "राहू द्या हो, मला हेच बरं पडतं." झालं. अण्णा माइक बंद करतो आणि नंतर मला फोन लावून सगळं ओकतो.

बरं, दाजी काहीच करत नाहीत असंही नाही. मागच्या पंधरवड्यात नकाशावरच्या पोचिंकी गावात एका दुमजली घरात आम्ही अडकलो होतो. खाली चार जणांची टोळी, जिन्यावर पावलं वाजायलेली. आम्ही तिघं वरच्या खोलीत, दाजी जिन्याच्या वळणावर बसलेले. पहिला वर आला, सप्पकन बाण, डोक्यात, आडवा. आवाजच नाही म्हटल्यावर खालच्यांना कळेना आपला माणूस कुणी आणि कुठून पाडला. दुसरा त्याला उठवायला आला. उठवायला दहा सेकंद लागतात, तोवर दाजींचा दुसरा बाण चढला होता. मग आम्ही उतरून उरलेले दोघं उरकले. त्या रात्री अण्णासुद्धा "वा दाजी" म्हणाला.

पण परवा शेवटचं वर्तुळ यास्नाया गावाच्या खाली उघड्या रानात आलं. झाड नाही, भिंत नाही, नुसतं गवत. समोर तिघं, आम्ही चौघं. अण्णा म्हणाला, "मी डावीकडून जातो, सगळे मिळून फायर द्या." मी आणि पिंट्यानं दिला. दाजींच्या बाजूनं एक बाण. एक. अण्णा तिथंच गेला, पाठोपाठ पिंट्या, मग मी. शेवटी उरले दाजी, हातात धनुष्य, समोर तीन एम४१६.

अण्णानं व्हॉट्सॲप ग्रुप सोडलाय. पिंट्या म्हणतो चौथा अनोळखी घेऊ, दाजींना सांगू की नेट चालंना. मला ते पटत नाही. स्वतः मी डीपी-२८ मशिनगन चालवतो, तीही कुणी फारशी घेत नाही, त्यामुळं मला कुणाला नावं ठेवायचा तसा हक्क नाही. तुमच्या टोळीत असं कुणी आहे का? तुम्ही काय केलंत?

गोदाथडी

उगाच भावनेत शिरू नका. एम४१६ सगळे घेतात कारण ती चांगली आहे. क्रॉसबोवाला माणूस शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे वर्तुळात, नसल्यात जमा. म्हणजे तुम्ही तिघं चौघांशी खेळायलात. अण्णाचं बरोबर आहे.

बाप्पा बीडवाले

आरं बाप्पा, सगळ्यांनी एमफोर घेतली तर गोळ्या कोण पुरवायचा? तुपला काका? आमी चौघंबी आधी तसंच करायचो. तिसऱ्या झोनला आलं की एकच गाणं, "५.५६ दे, ५.५६ दे." एमफोरच्या गोळ्या वो. तवापासून मपली बंदूक यूएमपी. .४५ च्या गोळ्या रस्त्यावर पडलेल्या असतात, कुत्रं बी हुंगत नाही. मी पोटभर भरून घेतो आन् माज्या वाट्याच्या ५.५६ बाकीच्यांना वाटून देतो. लोकं म्हंतेत यूएमपी लांबचं मारत नाही. नाही मारत. मला लांबचं मारायचंच नाही, मी दारात बसतो.

पूर्णाकाठ

बाप्पा, अगदी हेच. मी एकदा कागदावर मांडून बघितलं होतं. माणशी दोनशे गोळ्या तरी हव्यात, म्हणजे चौघांना आठशे. ५.५६ चा एक डबा उचलला की तीस मिळतात, म्हणजे सत्तावीस डबे, सगळे एकाच जातीचे, एकाच गावात हुडकायचे. मी डीपी घेतली त्याचं मूळ हेच. ती ७.६२ वर चालते. आणि अण्णाकडं एकेएम रायफल असली तर, तीही ७.६२ ची, आमचं दोघांचं खातं एक, बाकी दोघांचं दुसरं.

डीपीबद्दल थोडं सांगतो, कारण तिच्यावर फार टीका होते. वरची थाळी दिसते ना, भाकरीच्या तव्यासारखी, तिच्यात सत्तेचाळीस गोळ्या. दुर्बीण सोडली तर दुसरं काही जोडता येत नाही, म्हणजे लुटीत वेळ जात नाही. मारा सावकाश, ट्रॅक्टरच्या इंजिनासारखा ठक ठक ठक. पण पालथं पडून चालवली की पुढची दोन पायांची घोडी जमिनीला टेकते आणि झटका जवळजवळ जातो. पळत्या गाडीवर चालवून बघा.

खोट एकच, थाळी बदलायला पाच-साडेपाच सेकंद जातात. सुरुवातीला मी तोंड बंद ठेवून थाळी बदलायचो. अण्णाला वाटायचं मागून फायर चालू आहे, आणि तो बिनधास्त पुढं जायचा. तो तीनदा असाच मेला, शिव्या पिंट्याला बसल्या. मग ठरवलं. शेवटच्या आठ-दहा गोळ्या उरल्या की मी ओरडायचं, "थाळी!" ते ऐकलं की अण्णा जिथं असंल तिथं आडोशाला बसून स्वतः फायर चालू करणार. आता तर मी दुकानात कुणाला "थाळी" म्हटलं तरी अण्णा दचकंल.

उस्मानपुऱ्याचा जुना

तुम्ही पोरं मोबाइलवरची. मी २००४-०५ मधला, काउंटर-स्ट्राइक १.६ वाला. तेव्हाच्या औरंगाबादला आमच्या भागात एक कॅफे होता, पडदे लावलेल्या खोल्या, आठ मशिनी, तासाला वीस रुपये. लाईट गेली की यूपीएसवर पाच मिनिटं, त्या पाच मिनिटांत जो जिंकेल तो राजा.

आमच्यात एक जण होता, ढाल घ्यायचा. १.६ मध्ये पोलिसांच्या बाजूला २२०० डॉलरला ढाल मिळायची. दहशतवाद्यांना नाही, फक्त पोलिसांना. ढाल घेतली की मोठी बंदूक नाही, सोबत पिस्तूल. आणि ढाल समोर धरलेली असताना पिस्तूलही चालत नाही. सगळा कॅफे हसायचा. "ताट घेऊन आला, जेवायला वाढा रे." एके-४७ २५०० ला, एम४ ३१०० ला, आणि हा पठ्ठ्या एवढे पैसे ताटावर घालतोय.

एकदा असॉल्ट नावाचा नकाशा लावला होता. ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असंल, मोठं गोदाम, आत वरच्या केबिनमध्ये ओलीस, बाहेरून आत शिरणं म्हणजे मरणच. आमचे चार-चार जण दारात पडायचे. हा म्हणाला, माझ्या मागं या, पाठीला चिकटून, कुणी बाजूला सरकायचं नाही. हा ढाल धरून बेडकासारखा बसत बसत आत गेला. समोरचे सगळे त्याच्या ताटावर गोळ्या घालायलेत, टण टण आवाज स्पीकरमधून, आणि मागून आम्ही दोघं डोकं काढून एकेक टिपतोय. केबिनपर्यंत पोचलो. त्याच्या नावावर एकही मारलेला नाही. स्कोअरबोर्डवर शून्य.

पुढच्या राउंडला मी म्हटलं मीपण ढाल घेतो. तिघांनी घेतल्या. तीन ताटं आत गेली, मागून मारायला एकच माणूस. सगळे मेले. कॅफेवाला दोन दिवस आम्हाला "वाढपी" म्हणायचा.

गोदाथडी

जुने, किस्सा भारी. पण तुमचाच किस्सा माझं म्हणणं सिद्ध करतोय. ढालवाला एक चालतो कारण बाकीचे एम४ घेऊन होते. आणि तो काय करणार ते त्यानं आधी सांगितलं होतं. दाजी काही सांगतात का? "मला हेच बरं पडतं" हा काय प्लॅन झाला?

मांजराकाठची

मी व्हॅलोरंट खेळते, बहिणीच्या लॅपटॉपवर, त्यामुळं गन वेगळ्या. पण सांगायचं ते गनबद्दल नाहीच फारसं.

व्हॅलोरंटमध्ये प्रत्येक राउंडला पैशातून गन विकत घ्यायची असते. व्हॅन्डल किंवा फँटम या सगळ्यांच्या आवडत्या रायफली २९०० ला. मी बऱ्याचदा मार्शल घेते, ९५० ला मिळते. एकेक गोळीची साधी रायफल, दुर्बीण असलेली. मोठी स्नायपर म्हणजे ऑपरेटर, ती ४७००. समोरच्यांचे पैसे संपलेले असतील, अंगावर चिलखत नसेल, तर मार्शलची एक गोळी छातीत पुरते. आणि माझे उरलेले पैसे पुढच्या राउंडला कामी येतात, स्वतःला नाहीतर कुणाला गन घेऊन द्यायला. हे सगळं हिशोबानं असतं.

पण मी माइक लावत नाही. लावला, आवाज मुलीचा निघाला, की पहिल्या मिनिटाला काय काय ऐकायला मिळतं ते इथल्या बायकांना सांगायला नको. म्हणून बंद. आता टीमला काय दिसतं? एक खेळाडू आहे, बोलत नाही, स्वस्तातली गन घेतलीय. "ट्रोल आहे", "रिपोर्ट करा". मी टाइप करून सांगेपर्यंत राउंड चालू झालेला असतो.

एकदाच एक शहाणा भेटला. त्यानं चॅटमध्ये विचारलं, "मार्शल का?" मी लिहिलं, "त्यांच्याकडे पैसे नाहीत." तो म्हणाला, "ओके, तू लांबचा कोपरा धर, मी तुझ्या जवळ थांबतो." बास. दोन ओळी. तो गेम आम्ही जिंकलो का ते आठवत नाही, पण ते विचारणं आठवतं.

धागाकर्ते, चार पानं लिहिलीत, पण दाजींना "क्रॉसबोच का" असं सरळ विचारलंय का एकदा तरी?

बाप्पा बीडवाले

ताई बरोबर बोलल्या.

उदगीरकर

इतिहासाचा माणूस आहे, गेमचा नाही. पण राहवेना.

फेब्रुवारी १७६० मध्ये आमच्या उदगीरला निजामाशी लढाई झाली. सदाशिवरावभाऊंकडं तेव्हा इब्राहिमखान गारदी होता, फलटणी पायदळ आणि तोफखाना घेऊन. हा माणूस आधी निजामाच्याच चाकरीत होता. मराठी सरदारांचं सगळं आयुष्य घोड्यावर, आज इथं तर उद्या पन्नास कोस. त्यांना हे तोफा ओढत चालणारं, रांगेत कवायत करणारं प्रकरण म्हणजे गळ्यातलं लोढणं वाटायचं. पण उदगीरला याच तोफांनी निजामाला जेरीस आणलं. घोडेस्वारांनी भोवतीनं कोंडलं, तोफांनी आत भाजलं. तहात दौलताबादसारखा किल्ला मिळाला.

अकरा महिन्यांनी पानिपत. माणूस तोच, तोफा त्याच. गारदी डाव्या बाजूला रोहिल्यांना मागं रेटत होते. शेजारी विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार. त्यांना उभं राहवेना, ते गारद्यांच्या पुढं घुसले. मागून बार काढावा तर आपलेच लोक आड. पुढं गेलेल्यांना मार बसला, ते फिरले, आणि गारद्यांची बाजू उघडी पडली. इब्राहिमखान मात्र शेवटपर्यंत हटला नाही.

तुमचा अण्णा डावीकडून गेला म्हणालात, तेव्हा आठवलं. बाकी काही नाही.

बाप्पा बीडवाले

पानिपत आलं. आता धागा शंभरी गाठतो.

गोदाथडी

उदगीरकर सर, आवडलं. पण क्रॉसबोला तोफखाना म्हणू नका.

आणि मुद्द्याचं. बीजीएमआयमध्ये दोन मोठी हत्यारं एकाच वेळी बाळगता येतात. एका जागी क्रॉसबो ठेवा, कोण नाही म्हणतंय? घरात, जिन्यात वापरा. दुसऱ्या जागी रायफल ठेवा, उघड्या रानात ती काढा. एवढं साधं आहे. दाजींच्या दुसऱ्या जागेवर काय असतं?

पूर्णाकाठ

एस१२के.

गोदाथडी

शॉटगन???

पूर्णाकाठ

हो.

उस्मानपुऱ्याचा जुना

😂 म्हणजे एक हत्यार जिन्यासाठी आणि दुसरं पण जिन्यासाठीच.

बाप्पा बीडवाले

दाजी घरकोंबडे हायेत. रानात सोडूच नका त्यांना.

पानझड

धनुष्यबाण नक्की कुणाचा, हे ठरल्याशिवाय मी मत देणार नाही.

संपादक मंडळ

राजकारण नको. त्यासाठी वेगळा विभाग आहे.

पूर्णाकाठ

मंडळी, मोठा खुलासा आहे, सगळे बसून वाचा.

मांजराकाठची ताईंचा प्रतिसाद वाचून मला लाज वाटली. खरंच विचारलं नव्हतं. नुसतं "एम फोर घ्या, एम फोर घ्या" म्हणत होतो. काल एका कार्यक्रमाला अंबाजोगाईला गेलो होतो. जेवणं झाल्यावर दाजी आणि मी ओट्यावर बसलो. म्हटलं, "दाजी, एक विचारू का, राग नाही ना येणार? क्रॉसबोच का?"

दाजी काही बोलले नाहीत. खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "खेळून बघा एक."

फोन पाच-सहा वर्षांचा. उजव्या कोपऱ्यात वरून खाली तडा गेलेला, बरोबर जिथं फायरचं बटण असतं तिथंच. मागचं कव्हर रबर लावून धरलेलं. मी ट्रेनिंग मैदानात शिरलो, एम४१६ घेतली, बटण दाबून धरलं. पहिल्या तीन गोळ्या ठीक. मग चित्र थांबलं. नुसतं थांबलं. परत हललं तेव्हा बंदूक आभाळाकडं आणि मॅगझिन रिकामं. तड्याच्या जागी बोट दाबून धरलं की स्क्रीनला कळतच नाही बोट आहे का उचललं. झटका सावरायला बोट खाली ओढावं तर मान उलटीकडं फिरते.

मग क्रॉसबो घेतला. एकदा टिचकी मारायची, सोडायचं. अडकलं तरी काय, एकच बाण. बाण चढवायला तीन सेकंद लागतात तेवढ्यात फोनपण दम घेतो. शॉटगनचंही तेच, जवळ जाऊन एकेक टिचकी.

म्हणजे या माणसानं स्वतःच्या फोनला काय झेपतं ते शोधून, त्यातल्या त्यात बरं हत्यार निवडलेलं. तीन वर्षं. आणि आम्ही तिघं त्याला हट्ट समजायलो.

मी म्हटलं, "दाजी, सांगायचं की हो." तर म्हणाले, "काय सांगायचं, मेव्हण्यांना? की जावयाचा फोन चालंना?"

मांजराकाठची

अगं बाई.

उस्मानपुऱ्याचा जुना

शेवटची ओळ वाचून गप्प बसलो. आमचा ढालवाला आठवला. त्याचा माऊस खराब असायचा, सहा नंबरची मशीन, कायम तीच मिळायची त्याला, उशिरा यायचा म्हणून. आज वीस वर्षांनी डोक्यात आलं की ढाल त्यासाठी असंल. विचारायला आता संपर्क नाही.

गोदाथडी

ठीक आहे, मी माझं पहिलं वाक्य मागं घेतो. "नसल्यात जमा" म्हणालो होतो ते.

पण मग उपाय पण त्याच हिशोबानं काढा. धरून फायर करायची गन दाजींना नको. टिचकीवाली लांबची द्या. बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट ओढायची) नको, उघड्या रानात एक गोळी हुकली की संपलं. एसकेएस रायफल बघा. ती आपोआप चालत नाही, एक टिचकी एक गोळी, पण बोल्ट ओढायची भानगड नाही. ७.६२ खाते, म्हणजे तुमच्या थाळीच्या खात्यातच येते. व्हीएसएस पण चालंल, सायलेन्सर आणि दुर्बीण दोन्ही अंगचीच, ९ एमएम कुणी उचलत नाही. पण तिचाही बाण... म्हणजे गोळी लवकर खाली पडते. अर्थात दाजींना त्याची सवय आहेच.

आणि फायरचं बटण हलवता येतं! सेटिंगमध्ये नियंत्रणांची मांडणी बदला, तडा नाही तिथं ओढून ठेवा. ग्राफिक्स सगळ्यात खालच्या पायरीवर.

बाप्पा बीडवाले

गोदाथडीवाले भाऊ शेवटी माणसात आले.

एक सांगू का, आमच्याकडं ऊसतोडीची टोळी जाती तवा मुकादम आधी बघतो कोण काय करू शकतं. कुणी तोडतं, कुणी मोळी बांधतं, कुणी गाडी भरतं. समद्याच्या हातात कोयता दिला तर गाडी कोण भरणार? दाजींला धूर द्या. स्मोक वो. चार-पाच स्मोक आन् फर्स्ट एड त्यांच्या बॅगेत. मास्तर हायेत, पोरं सांभाळायची सवय असतीच.

पूर्णाकाठ

अण्णाला फोन केला. आधी तडा सांगितला, मग ओट्यावरचं सगळं. बराच वेळ काही बोलला नाही. मागं मिलचा धडधडाट ऐकू येत होता. मग म्हणाला, "ग्रुपमध्ये परत घे मला." दाजींशी स्वतःहून काही बोलणार नाही, तो स्वभावच नाही त्याचा.

बटण सरकवलं. पिंट्यानं व्हिडिओ कॉलवर दाजींकडून करून घेतलं, "खाली घ्या, अजून, अजून, हां दाजी, तिथं." स्मोकचं पण ठरलं. रविवारी रात्री खेळतो, मग सांगतो.

उदगीरकर

वाट बघतोय. आमच्या नातवाला पण वाचून दाखवला धागा. तो म्हणाला आजोबा, क्रॉसबो नूब (म्हणजे नवशिके) घेतात. मी म्हटलं, पूर्ण वाच.

पूर्णाकाठ

सोमवार. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून लिहायलोय.

पहिले दोन गेम वाईट गेले. पहिल्यात उतरल्या उतरल्या मेलो. दुसऱ्यात दाजींना बटणाची नवी जागा सापडंना, फायरऐवजी उड्या मारत होते. पिंट्या हसला, अण्णानं त्याला झापलं. हे पण नवीनच.

तिसरा. रोझोकला उतरलो. दाजींना एसकेएस मिळाली नाही, एसएलआर मिळाली. जात तीच, टिचकीवाली आणि ७.६२ चीच, पण झटका बराच जास्त. क्रॉसबो तर मिळालाच, तो त्यांना कसा काय सापडतो देव जाणे. स्मोक सहा गोळा केले. शेवटी बारा माणसं उरलेली आणि वर्तुळ पुन्हा उघड्यावर, उताराच्या रानात. अण्णा म्हणाला, "दाजी, तुम्ही सांगा." हे वाक्य मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. दाजी म्हणाले, "मी समोर धूर टाकतो, दोन. तुम्ही त्यातून जाऊ नका, त्याच्या उजवीकडून जा. ते धुरात मारत बसतील."

आणि झालं तसंच. समोरचे धुरात गोळ्या ओतायलेत, अण्णा-पिंट्या उजवीकडून गेले, मी पालथा पडून डीपी चालू. "थाळी!" म्हटलं तर अण्णाच्या आधी दाजींची एसएलआर सुरू झाली. टक्, टक्, टक्. लागली एखादी असंल-नसंल, पण समोरच्यांनी डोकी खाली घातली. ती टोळी साफ.

पण मागून दुसरी आली, आम्ही तिचा विचारच केला नव्हता. दोन मिनिटांत सगळे गेलो. तिसरा नंबर. दाजी सगळ्यात शेवटी, एका दगडामागं, क्रॉसबो काढून. एक पाडला. मग त्यांचा फोनच बंद पडला, तापून.

मांजराकाठची

तिसरा नंबर म्हणजे चांगलाच की. उजवीकडून जायची कल्पना छान. दाजींना माझा नमस्कार सांगा.

पूर्णाकाठ

दाजी धागा वाचायलेत. काल रात्री ताईनं सांगितलं, गालात हसत वाचत होते. तडा वगैरे सगळं गावभर केल्याबद्दल मला थोडं ऐकून घ्यावं लागलं.

बाप्पा बीडवाले

मग आता धोंड्याच्या महिन्याला जावयाला काय द्यायचं ते ठरलंच म्हणा. दिवा-ताम्हण राहू द्या, फोन द्या.

पूर्णाकाठ

अण्णा, पिंट्या आणि मी तिघं मिळून वर्गणी काढायलोत. पिंट्याची वर्गणी अर्थात मीच भरणार. दाजींना अजून माहीत नाही, म्हणजे आता माहीत झालं. दाजी, वाचत असाल तर ताईला सांगू नका, ती नको म्हणंल.

उस्मानपुऱ्याचा जुना

आणि तेहतीस अनारसे?

पूर्णाकाठ

ते आई करणार आहे. बाण मात्र तेहतीस आम्ही गोळा करून ठेवू.